तीनशे विजय की तीन हजार स्ट्राइकआउट : आजच्या तरुण पिचरांपैकी कोण पोहोचेल?

अलेघेनीकाठ :

नमस्कार मंडळी.

गेली अकरा वर्षे मी पिट्सबर्गमध्ये राहतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलची गोडी लागायला वेळ लागतो, तसा तो मलाही लागला. पण नदीकाठच्या पीएनसी पार्कमध्ये वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागांवर बसून खेळ हळूहळू कळू लागला आणि मे २०२४ मध्ये पॉल स्कीन्स हा तरुण पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) पिट्सबर्गकडून या मैदानावर पहिल्यांदा उतरला तेव्हापासून तर आमच्या घरचे वेळापत्रक त्याच्या पाळीवर ठरू लागले. माझी तेरा वर्षांची मुलगी प्रत्येक सामन्याची नोंद वहीत हाताने करते. १८ मे २०२५ रोजी फिलाडेल्फियात स्कीन्सने कारकिर्दीत पहिल्यांदा संपूर्ण सामना एकट्याने टाकला, आठ इनिंगमध्ये एकच धाव दिली, आणि पिट्सबर्ग ०-१ असे हरले. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एकेका पिचरच्या नावावर लागतो, म्हणून तिने त्याच्या नावापुढे ‘पराभव’ असे लिहिले, बराच वेळ त्या शब्दाकडे पाहिले आणि विचारले, “बाबा, असेच होत राहिले तर हा तीनशे विजय कधी मिळवणार?”

मी पटकन म्हणालो की तीनशे विजय आता कोणीच मिळवणार नाही. तिने कारण विचारले, आणि मला ते धड सांगता आले नाही. २०२५ चा हंगाम संपला तेव्हा स्कीन्सची नोंद १० विजय, १० पराभव, १.९७ चा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या सरासरी धावा) आणि २१६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) अशी होती, आणि मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. वर्षातला सर्वोत्तम पिचर जर दहाच सामने जिंकत असेल, तर तीनशेच्या टप्प्याला काही अर्थ उरला आहे का? तो टप्पा सोडून द्यायचा असेल तर तीन हजार स्ट्राइकआउट धरावेत का? आणि बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाकडे पाहून तो चाळिशीपर्यंत कुठे पोहोचेल याचा अंदाज बांधायला काही शहाणी रीत आहे का? येथे अनेक जण माझ्यापेक्षा कितीतरी अधिक काळ हा खेळ पाहत आहेत, म्हणून विचारतो.

धावफलक :

आपल्या मुलीचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर ‘विजय’ या नोंदीच्या नियमातच आहे. सामना सुरू करणाऱ्या पिचरला विजय मिळण्यासाठी त्याने किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात, तो बाहेर पडताना संघ पुढे असावा लागतो आणि त्यानंतर ती आघाडी शेवटपर्यंत एकदाही जाता कामा नये. या तीन अटींपैकी जेमतेम दीड अट त्याच्या हातात असते.

तीनशेपर्यंत आजवर २४ पिचर पोहोचले आहेत. त्यांतला शेवटचा रँडी जॉन्सन, ४ जून २००९ रोजी, वॉशिंग्टनमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी. तो सामना आदल्या दिवशी पावसामुळे होऊ शकला नव्हता. जॉन्सनने सहा इनिंग टाकल्या आणि २-१ अशा आघाडीवर तो डगआउटमध्ये जाऊन बसला. आठव्या इनिंगमध्ये वॉशिंग्टनचे तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, समोर फलंदाज ॲडम डन, आणि काउंट तीन बॉल, दोन स्ट्राइक. आणखी एक बॉल (चुकीची पिच) पडला असता तर चौथ्या बॉलवर फलंदाजाला फुकटचा बेस आणि वॉशिंग्टनला एक धाव मिळून बरोबरी झाली असती आणि जॉन्सनचा तीनशेवा विजय त्या दिवशी हुकला असता. बदली पिचर ब्रायन विल्सनची पिच पंचांनी स्ट्राइक ठरवली आणि पुढे सामना ५-१ असा सुटला. एकवीस वर्षे आणि इतक्या हजारो पिच (म्हणजे टाकलेले चेंडू) यांच्यानंतर तो टप्पा दुसऱ्याच माणसाच्या एका पिचवर लटकत होता, हे मी तेव्हा दूरचित्रवाणीवर पाहिले आणि तेव्हापासून विजयांच्या आकड्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

आता हिशेब पाहा. तीनशे म्हणजे वीस वर्षे, दर वर्षी पंधरा. वॉरन स्पानने ३६३ विजय मिळवले, पण त्याने ३८२ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले होते. म्हणजे आघाडी मिळाली की ती टिकवण्याचे कामही बहुतेक वेळा त्याचेच असे. २०२५ मध्ये दोन्ही लीग मिळून २०० इनिंगचा आकडा फक्त तिघांनी गाठला : लोगन वेब, गॅरेट क्रोशे आणि क्रिस्तोफर सांचेझ. त्या हंगामात सर्वाधिक विजय मॅक्स फ्रीडचे, १९. पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर सामना बुलपेनकडे, म्हणजे बदली पिचरांकडे, सोपवला जातो आणि निकाल कोणाच्या नावे पडेल हे तिथून पुढे ठरते. आज खेळणाऱ्यांत तीनशेच्या सर्वांत जवळ जस्टिन व्हरलँडर आहे. २०२५ अखेर त्याचे २६६ विजय झाले आहेत, ३४ हवेत आणि २०२६ मध्ये तो त्रेचाळीस वर्षांचा होत आहे. २०२० च्या साठ सामन्यांच्या तुटपुंज्या हंगामात तो एकच सामना टाकू शकला आणि कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२१ पूर्ण वाया गेले. २०१९ मध्ये २१ आणि २०२२ मध्ये १८ सामने जिंकणाऱ्या माणसाची मधली ती दोन वर्षे गेली नसती, तर आपण आज वेगळी चर्चा करत असतो. तो नाही पोहोचला, तर माझ्या मते आज मैदानावर असलेला दुसरा कोणीही पोहोचणार नाही.

स्ट्राइकआउटचे मात्र तसे नाही. १९८५ च्या सुमारास साधारण दर सात फलंदाजांमागे एक स्ट्राइकआउट होत असे, आता ते प्रमाण साडेचार फलंदाजांमागे एक असे आले आहे. त्यामुळे इनिंग कमी झाल्या तरी वर्षाला दोनशेचा आकडा आवाक्यात राहिला. तीन हजारांपर्यंत २० जण पोहोचले आहेत. विसावा क्लेटन कर्शॉ, २ जुलै २०२५ रोजी.

अंदाजासाठी बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांची जुनी पद्धत आहे, तिला ‘फेव्हरिट टॉय’ म्हणतात. ती आपल्या मुलीलाही कागदावर करता येईल. ताज्या हंगामाच्या आकड्याला तीनने गुणावे, त्याआधीच्याला दोनने, त्याआधीच्याला एकने. बेरजेला सहाने भागले की त्या खेळाडूची सध्याची पातळी मिळते. २४ मधून वयाच्या सहा दशांश वजा केले की उरलेली वर्षे मिळतात. पातळी गुणिले वर्षे, भागिले अजून हवा असलेला आकडा, आणि त्यातून अर्धा वजा, ही झाली शक्यता. स्कीन्सचे २०२५ मध्ये २१६ आणि २०२४ मध्ये १७० स्ट्राइकआउट, २०२३ मध्ये शून्य. पातळी जवळपास १६५. वय २३, म्हणून वर्षे १०.२. गुणाकार साधारण १६८०. त्याला हवेत २६१४. भागाकार ०.६४, त्यातून अर्धा गेला की उरतात १४ टक्के. हीच रीत तीनशे विजयांना लावली तर उत्तर शून्याच्या खाली जाते.

याच पद्धतीने तारिक स्कूबलची शक्यता २३ टक्के येते आणि क्रोशेची १८. तरुणांत सर्वांत वर जे नाव येते ते पाहून मी आकडेमोड दुसऱ्यांदा केली : डिलन सीस, ३१ टक्के.

जुना_प्रेक्षक :

‘धावफलक’ यांचे गणित बरोबर आहे, परंतु ती पद्धत प्रामुख्याने फलंदाजांच्या टप्प्यांसाठी वापरली गेली आणि पिचरच्या बाबतीत तिच्या मुळाशी असलेले गृहीतकच डळमळते, असे मला वाटते. फलंदाज उतारावरून उतरतो, पिचर पायरीवरून पडतो.

मी १९८४ पासून हा खेळ पाहतो आहे. त्या वर्षी ड्वाइट गुडन एकोणीस वर्षांचा होता आणि त्याने २७६ स्ट्राइकआउट केले. पुढच्या वर्षी २४ विजय, ४ पराभव, १.५३ चा ईआरए. तेव्हा आम्ही मित्र तीनशेची चर्चाच करत नव्हतो. चारशे होतील का, एवढाच वाद होता. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर १९४ विजय आणि २२९३ स्ट्राइकआउट होते. १९९८ मध्ये केरी वुडने विसाव्या वर्षी एका सामन्यात वीस फलंदाज स्ट्राइकआउट केले. एकूण विजय ८६. मार्क प्रायरने २००३ मध्ये १८ सामने जिंकले आणि २४५ स्ट्राइकआउट केले. एकूण विजय ४२, शेवटचा सामना २००६ मध्ये. ही नावे मी कोणाला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. या तिघांवर मी मनापासून प्रेम केले आहे आणि प्रायरची आठवण आजही मला बोचते.

म्हणून माझे म्हणणे असे की बावीस-तेवीसच्या वयात अंदाज बांधूच नये, तो एकोणतिसाव्या वर्षीच्या हंगामाअखेर बांधावा, आणि तेव्हाही फार जपून. फेलिक्स हर्नांडेझचे त्या वयाच्या हंगामाअखेर, म्हणजे २०१५ अखेर, २१४२ स्ट्राइकआउट झाले होते. कर्शॉचे त्याच वयाला, २०१७ अखेर, २१२०. म्हणजे फेलिक्स कणभर पुढेच होता. फेलिक्सने पुढच्या चार वर्षांत ३८२ ची भर घातली, तेहतिसाव्या वर्षी त्याचा शेवटचा सामना झाला आणि तो २५२४ वर थांबला. कर्शॉने २०१७ नंतर एकाही हंगामात दोनशेचा आकडा गाठला नाही. १५५, १८९, ६२, १४४, १३७, १३७, २४ आणि ८४ असे आठ वर्षे थोडे थोडे जमवत त्याने ९३२ ची भर घातली आणि ३०५२ वर तो निवृत्त झाला. त्याचा तीन हजारावा स्ट्राइकआउट आला तो त्या दिवसाच्या शंभराव्या पिचवर, सहाव्या इनिंगच्या शेवटच्या फलंदाजाला. त्याच्या चेंडूचा वेग तोपर्यंत ताशी नव्वद मैलांच्या खाली-वर रेंगाळत होता. तो टप्पा त्याने तरुणपणीच्या कर्शॉच्या पुण्याईवर गाठला हे खरे आहे, परंतु ती उरलेली आठ वर्षे ज्या चिकाटीने त्याने काढली त्यांच्याशिवाय तो फेलिक्सच्या शेजारी उभा राहिला असता.

आणि तिसरे नाव पाहा. त्याच वयाच्या हंगामाअखेर, म्हणजे १९९३ अखेर, रँडी जॉन्सनकडे ६८ विजय आणि ११२६ स्ट्राइकआउट होते. तेव्हा कोणी ही रीत वापरून त्याला तीनशे विजयांचा दावेदार ठरवले असते का? तो ३०३ विजय आणि ४८७५ स्ट्राइकआउटवर थांबला. एका वयाचे तीन पिचर आणि तीन वेगळे शेवट. त्यांच्यातला फरक एकोणतिसाव्या वर्षी कोणत्याही तक्त्यात दिसत नव्हता.

मनगट :

मी शाळेत असताना जळगावला सॉफ्टबॉल खेळत होते आणि आता टेक्सासमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत शाळकरी पिचर बरेच असतात. सॉफ्टबॉलमध्ये पिच खालून टाकतात, त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूला बेसबॉलसारखा ताण येत नाही, हे येथे आल्यावर मला खऱ्या अर्थाने समजले.

‘जुना प्रेक्षक’ ज्याला पायरीवरून पडणे म्हणतात ती पायरी म्हणजे बहुतेक वेळा कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध. बाहू मागे जाऊन झटक्याने पुढे येतो त्या क्षणी दंडाचे आणि हाताचे हाड एकमेकांपासून उघडू पाहतात आणि त्यांना धरून ठेवणारी ही बोटाएवढीही नसलेली पट्टी प्रत्येक पिचला ताणली जाते. स्नायू व्यायामाने वाढवता येतो, अस्थिबंध त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून शरीर बळकट होत गेले, वेग वाढत गेला आणि ही पट्टी होती तेवढीच राहिली. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९२ मैलांच्या आसपास होता, आता तो ९४ च्या वर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगनेच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला आणि त्यात वाढता वेग आणि प्रत्येक पिच पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय यांच्याकडे बोट दाखवले.

१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला आणि त्यानंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले, एकूण २८८. त्या शस्त्रक्रियेमुळे कारकिर्दी वाचल्या, परंतु प्रत्येक वेळी एक ते दीड वर्ष जाते, आणि टप्प्याच्या हिशेबात दीड वर्ष म्हणजे तीनशे स्ट्राइकआउट. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट नोंदवले. एप्रिल २०२४ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. २०२५ मध्ये परतल्यावर ७ विजय, १४ पराभव आणि १३१ स्ट्राइकआउट. दोन वर्षांपूर्वी ही चर्चा झाली असती तर सर्वांनी त्याचेच नाव पहिले घेतले असते.

मागच्या वसंतात एक सोळा वर्षांचा मुलगा आला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत होत्या, पेन धरताना हात थरथरत होता. त्याने शनिवारी एका संघासाठी आणि रविवारी दुसऱ्या संघासाठी पिचिंग केले होते. या वयोगटासाठी दिवसाला ९५ पिचची मर्यादा आहे आणि ७५ च्या वर गेल्यास चार दिवस विश्रांती सांगितलेली आहे. पण शनिवारचा प्रशिक्षक रविवारचे मोजत नव्हता आणि रविवारचा शनिवारचे. त्याच्या आईने मला पिचचा वेग दाखवणारी चित्रफीत मोठ्या अभिमानाने दाखवली आणि मी मात्र त्याच्या बोटांकडे पाहत होते. ज्या पिचरांच्या टप्प्यांचा अंदाज आपण बांधतो आहोत, त्यांच्यातल्या पुष्कळांचे भवितव्य आपण त्यांचे नाव ऐकण्याआधीच अशा एखाद्या शनिवार-रविवारी ठरून गेलेले असते.

स्कीन्सबद्दल मला एक गोष्ट आशादायक वाटते. जुलै २०२४ मध्ये मिलवॉकीत सात इनिंगमध्ये त्याने एकही हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारा फटका) दिली नव्हती आणि अकरा स्ट्राइकआउट केले होते, तरी ९९ पिच झाल्यावर त्याला बाहेर काढले. प्रेक्षकांना वाईट वाटले, मलाही वाटले. तरीही तो निर्णय मला योग्यच वाटतो.

अलेघेनीकाठ :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मी सगळे उतारे मुलीला वाचून दाखवले. तिने सर्वप्रथम सोळा वर्षांच्या त्या मुलाबद्दल विचारले, तो बरा झाला का. त्यानंतर तिने ‘धावफलक’ यांची रीत वहीच्या मागच्या पानावर करून पाहिली आणि तिला १४ टक्केच मिळाले, याचा तिला आनंदही झाला आणि वाईटही वाटले.

एक शंका राहते. २०२५ मध्ये सीसचे ८ विजय, १२ पराभव आणि ईआरए ४.५५ आहे. असा पिचर स्कीन्स आणि स्कूबल यांच्या पुढे कसा?

धावफलक :

ही शंका मलाही आली होती, म्हणून त्याचे हंगाम सलग लिहून पाहिले. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत सीसचे स्ट्राइकआउट २२६, २२७, २१४, २२४ आणि २१५; सुरू केलेले सामने ३२, ३२, ३३, ३३ आणि ३२. या पाचही वर्षांत त्याची पाळी क्वचितच चुकली. त्याच्या हाती धावा जातात, फलंदाजांना तो फुकटचे बेस देतो आणि एखाद्या महिन्यात त्याच्याकडे पाहवत नाही. परंतु स्ट्राइकआउटच्या बेरजेला या कशाचेच सोयरसुतक नसते, तिला फक्त पिचर मैदानावर हवा असतो. एकूण १२३१, आणि २०२५ मध्ये हंगामापुरते वय २९. ‘जुना प्रेक्षक’ यांनी दिलेल्या रँडी जॉन्सनच्या आकड्यापेक्षा हे १०५ ने जास्त आहेत. यावरून सीस हा जॉन्सन होईल असे मी मुळीच म्हणत नाही, पण एकोणतिशीत त्याला यादीतून वगळण्याचे कारणही मला सापडत नाही.

‘जुना प्रेक्षक’ यांचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. माझ्या १४ टक्क्यांत ‘मनगट’ यांनी सांगितलेल्या दीड वर्षासाठी जागाच ठेवलेली नाही. ती ठेवली तर स्कीन्सचा आकडा एका अंकावर येईल. आणखी एक गोष्ट आपण कोणीच धरली नाही. खेळाडू आणि संघमालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. पुढचा करार लांबला आणि सामने बुडाले, तर ते कोणालाही परत मिळत नाहीत. कर्शॉच्या रांगेतला तो ६२ चा आकडा साठच सामने झालेल्या २०२० चा आहे.

सर्वांत जवळचे नाव विचाराल तर ते तरुण नाही. ख्रिस सेलचे २०२५ अखेर २५७९ झाले आहेत, ४२१ हवेत. छत्तिशीनंतर तीन चांगले हंगाम मागणे फार आहे, अशक्य नाही.

जुना_प्रेक्षक :

सीसची ती पाच वर्षांची रांग मी लक्ष देऊन पाहिली नव्हती. माझा कल अजूनही स्कूबलकडे आहे. २०२३ अखेर त्याचे सगळे मिळून ४२० होते आणि त्यानंतर दोन हंगामांत २२८ आणि २४१, दोन्ही वर्षी अमेरिकन लीगचा साय यंग. त्याची गाडी उशिरा सुटली आहे, आणि मी ज्यांच्यावर प्रेम केले त्यांच्या गाड्या फार लवकर सुटल्या होत्या. कदाचित माझा कल त्यामुळेच असेल.

मनगट :

आपल्या मुलीला सांगा, तो मुलगा बरा आहे. चार महिने त्याने चेंडू हातात धरला नाही, शस्त्रक्रिया टळली आणि आता तो एकाच संघाकडून खेळतो. वेग थोडा कमी झाला आहे आणि त्याची आई आता पिच मोजते.

अलेघेनीकाठ :

सांगितले. ती फार खूश झाली.

वहीच्या शेवटच्या पानावर तिने चार नावे लिहिली आहेत : स्कीन्स, स्कूबल, क्रोशे, सीस. त्यांच्यापुढे २०२६ पासूनचे रकाने आखले आहेत. स्ट्राइकआउटचा रकाना दुसरा आहे. पहिला रकाना त्या वर्षी किती सामने सुरू केले याचा.